एस्केप करायच्या आधी बघ, पुढे वाचणार कोण

हाय,

तुझा सी भाषेतला कोड बघितला. सिरीयल पोर्टवरून आलेली ओळ लॉगमध्ये टाकताना तू स्पेशल कॅरेक्टर एस्केप करतोयस (म्हणजे थेट न टाकता बॅकस्लॅश लावून लिहितोयस), पण कुठे एक बॅकस्लॅश दिसतोय, कुठे चार, आणि जमत नाही म्हटल्यावर तू अजून एक वाढवून बघतोयस. हे आधी थांबव, असं अंदाजपंचे जमलेलं पुढच्या इनपुटला मोडतंच.

मुळात मेमरीत एस्केप नावाचं काही नसतं. सोर्समध्ये बॅकस्लॅश एन, म्हणजे नव्या ओळीची खूण, लिहिलंस की कंपायलर ते कंपाइल करतानाच गिळतो आणि तिथे एकच बाइट ठेवतो, अक्षरांच्या आस्की कोडमधला १०, म्हणून लांबी मोजणारं स्ट्रलेन पण १ सांगतं. पण तेच कोणी कीबोर्डवरून टाइप केलं आणि तू एफगेट्सने (इनपुटची ओळ वाचणारं फंक्शन) वाचलंस तर ते दोन वेगळे बाइट, कारण प्रोग्राम चालू असताना कंपायलर नसतो ना तिथे. त्यामुळे तुझी नवी ओळ येत नाहीये ते बरोबरच आहे. म्हणून दरवेळी स्वतःला विचार की हा मजकूर यापुढे कोण वाचणार, कंपायलर, शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम), जेसन या डेटा फॉरमॅटचा पार्सर की नुसतं माणूस? नियम त्याचे पाळायचे. सीचं ऑक्टल (बॅकस्लॅश आणि पुढे बाइटचा आठच्या पायातला आकडा) जेसनला चालत नाही, तिथे बॅकस्लॅश यू आणि पुढे चार हेक्स (सोळाच्या पायातले) आकडे लागतात. टक्क्याच्या चिन्हाचं तर कंपायलरला काही पडलेलंच नसतं, तो मजकूर छापणाऱ्या प्रिंटएफचा मामला. आणि हो, बाहेरून आलेली स्ट्रिंग तू थेट प्रिंटएफला फॉरमॅट म्हणून दिलीयस ती ओळ आजच बदल, फॉरमॅट "टक्का एस" ठेव आणि स्ट्रिंग त्याच्यामागे दे. कोणी मुद्दाम टक्का एन पाठवलं तर प्रिंटएफ भलत्याच जागी मेमरीत लिहू शकतं, ही गंमत नाहीये.

आता ऑक्टल. तू शून्य बाइटसाठी \० लिहितोयस, पण त्याच्यामागे डेटात १२ आलं की होतं \०१२, म्हणजे परत न्यूलाइन! ऑक्टल जास्तीत जास्त तीन आकडे घेतं, म्हणून नेहमी तीनच लिही, \०००. हेक्सला तर मर्यादाच नाही, पुढे कुठलाही आकडा किंवा ए ते एफमधलं अक्षर आलं की ते पण ओढून घेतं. हाताने लिहिताना स्ट्रिंग तिथे बंद करून लगेच दुसरी सुरू कर, कंपायलर एस्केप आधी सोडवतो आणि जोडतो नंतर, त्यामुळे ते सेफ आहे. पण फंक्शन लिहितोयस तर सरळ ऑक्टलच वापर.

मराठी मजकूर टाकून टेस्ट केलायस का? नुसता "म" घे, यूटीएफ-८ एन्कोडिंगमध्ये तो तीन बाइट, तुझ्या फंक्शनमधून \३४०\२४४\२५६ यायला हवं. इंटेलच्या लॅपटॉपवर साधा कॅर (सीचा एका बाइटचा टाइप) साइन्ड, म्हणजे उणे आकडेही धरणारा असतो, त्यामुळे हे तिन्ही बाइट निगेटिव्ह, आणि तसेच इजप्रिंटला (अक्षर छापण्याजोगं आहे का ते तपासणारं फंक्शन) दिले तर ते अनडिफाइन्ड बिहेविअर, म्हणजे काय होईल याची हमी नाही. एआरएम बोर्डवर कॅर सहसा अनसाइन्ड असतो म्हणून तिथे सगळं गुण्यागोविंदाने चालतं आणि आपल्याला वाटतं कोड बरोबर आहे. आधी अनसाइन्ड कॅरमध्ये कास्ट कर, मगच काय ते विचार.

बफर: एका बाइटचे चार होऊ शकतात, म्हणजे लांबी गुणिले चार अधिक एक. बोर्डवर एवढी जागा नसेल तर बफर लहान ठेव, पण प्रत्येक बाइटआधी तपास की अख्खा एस्केप आणि स्ट्रिंग संपवणारा शेवटचा शून्य मावतोय का, नसेल तर तिथेच थांब, अर्धा तुटलेला एस्केप लॉगमध्ये जाता कामा नये. आणि आधी कोट बदला, मग बॅकस्लॅश बदला अशा फेऱ्या मारू नकोस, तुझे चार बॅकस्लॅश तिथूनच येतायत. एकाच लूपमध्ये एकेक बाइट बघत जा.

एवढं करून पाठव, सोबत या इनपुटचं आउटपुट पण: रिकामी स्ट्रिंग, नुसता बॅकस्लॅश, शून्य बाइट आणि मागे १२, "म", आणि बफर बरोब्बर भरेल एवढी ओळ. शून्य बाइटवालीला स्ट्रलेन वापरू नकोस, लांबी वेगळी पास कर.