प्लेऑफच्या तोंडावर लेफ्ट टॅकल बदलावा का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकन फुटबॉलमध्ये नेहमीचा लेफ्ट टॅकल (क्वार्टरबॅकची, म्हणजे बॉल फेकणाऱ्याची, पाठीकडची बाजू राखणारा, लाइनच्या डाव्या टोकाचा माणूस) डळमळीत असेल तर प्लेऑफच्या आधी त्याच्या शेजारच्या लेफ्ट गार्डला तिकडे सरकवावं का, आणि 2024 च्या सीझनला कॅन्सस सिटी चीफ्सनी त्यांच्या लेफ्ट गार्डला, जो टूनीला, सरकवलं ते बरोबर होतं का. माझं उत्तर नाही असं आहे. चांगल्या गार्डला हात लावायचा नाही. एवढं एका ओळीत सांगून मोकळं झालो असतो पण हा प्रश्न वाचला आणि डोकं फिरलं, कारण ह्याच विषयावर आमचे साडूसाहेब आणि मी एकमेकांशी धड बोलत नाही.

आम्ही ओव्हरलँड पार्कला, कॅन्सस सिटीच्या उपनगरात, राहतो. थोरला पोरगा हायस्कूलला लेफ्ट टॅकल खेळायचा. आमच्या दोन्ही घराण्यांत एवढा उंच आणि आडवा कोणी झाला नाही, आजी व्हिडिओ कॉलवर त्याला बघून दरवेळी म्हणायची काय घालताय रे पोराला. उन्हाळाभर ड्राइव्हवेवर त्याचा किक-स्लाइड चालायचा, म्हणजे डावा पाय मागे टाकायचा, उजवा घासत आणायचा, बूड खाली आणि हात आधी बाहेर काढायचे नाहीत. मी सोफ्याची उशी छातीशी धरून रशर, म्हणजे क्वार्टरबॅकवर चाल करून येणारा, बनून धावत यायचो आणि तो मागे सरकत सरकत मला बाजूने लॉनवर काढून द्यायचा. त्या घासण्याने त्याच्या उजव्या बुटाचा अंगठ्याकडचा भाग डाव्याच्या कितीतरी आधी फाटायचा. बायको म्हणायची एकच बूट विकत मिळतो का बघ.

तर रेग्युलर सीझनच्या शेवटच्या मॅचला पोराने दोन सॅक दिल्या, म्हणजे त्याच्या बाजूने येऊन समोरच्यांनी आमचा क्वार्टरबॅक दोनदा आडवा केला. दोन्ही वेळा तीच गोष्ट, बाहेरच्या रशला घाबरून जास्त लांब सरकला आणि समोरचा आतून शिरला. हे दुरुस्त होतं हो, दोन दिवसांचं काम आहे, पहिली पावलं थोडी छोटी टाक म्हणून सांगायचं. पण आमच्या कोचने सोमवारी काय केलं, तर सीनियर लेफ्ट गार्डला उचलून टॅकलवर नेलं, गार्डला एक सोफोमोर (दहावीतला पोरगा) घातला आणि आमचं ध्यान बेंचवर. पहिल्याच प्लेऑफला समोरच्यांनी दुसऱ्या ड्राइव्हपासून त्या बाजूला स्टंट लावायला सुरुवात केली, म्हणजे त्यांच्या डिफेन्सचे दोघं जागा बदलतात, बाहेरचा एंड आत घुसतो आणि त्याच्या शेजारचा डिफेन्सचा टॅकल मागून वळसा घालून बाहेर येतो. आता ह्यात आपल्या टॅकल आणि गार्डने समोरचा माणूस एकमेकांना सोपवायचा असतो, आणि ती सवय शेजारी शेजारी महिनोन्‌महिने उभं राहून येते, सोमवार ते शुक्रवारात येत नाही. दोघंही एकाच माणसामागे जायचे आणि दुसरा मोकळा. म्हणजे आधी एक जागा कच्ची होती, आता दोन झाल्या. सीझन तिथेच संपला.

थँक्सगिव्हिंगला साडू फिलाडेल्फियाजवळच्या चेरी हिलहून आलेले, कट्टर फिलाडेल्फिया ईगल्सवाले. माझ्याच टेबलावर बसून, माझाच मसालेभात खात म्हणाले, कोच बरोबर होता, लाइनवर बेस्ट फाइव्ह, म्हणजे सगळ्यात चांगले पाच जण, खेळवायचे असतात, जागा कुठलीही असो, पोरगा तुमचा म्हणून तुम्हाला झोंबतंय. अहो झोंबलंच, पण म्हणून मुद्दा खोटा होतो का?

आता चीफ्सचं बघा. त्यांचा लेफ्ट टॅकल सुआमाताइया, ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या निवडीच्या) दुसऱ्या राउंडचा रूकी, पहिल्याच वर्षाचा, दुसऱ्याच आठवड्यात बेंगल्सच्या हेंड्रिक्सनने त्याचे हाल केले आणि त्याला बसवलं. मग वान्या मॉरिस, तोही डळमळीत. मग नोव्हेंबरात डी. जे. हम्फ्रीजला आणलं, तो चार्जर्सविरुद्ध एक मॅच खेळला आणि हॅमस्ट्रिंग गेला. मग डिसेंबरात ऑल-प्रो, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तमांत निवडलेला, लेफ्ट गार्ड टूनी टॅकलवर आणि गार्डला माइक कॅलिएंडो. प्लेऑफला टेक्सन्सला हरवलं, बिल्सला 32-29 हरवलं, तेव्हा साडूंचा मेसेज, बघा जमतं की नाही. मी गप्प बसलो. नंतर सुपर बोलला, म्हणजे फायनलला, त्यांच्याच ईगल्सनी ब्लिट्झसुद्धा न करता (जादा माणसं न धाडता), चौघांच्या जिवावर, चीफ्सच्या क्वार्टरबॅकला, माहोम्सला, सहा वेळा आडवा केला, हाफटाइमला 24-0, शेवटी 40-22. जिंकले म्हणून त्यांनी मला फोन केला, आणि मी तासभर लेफ्ट गार्डवर बोललो. बायको म्हणाली फोन ठेवा आता.

आणि हे काही पहिल्यांदा झालं नव्हतं. 2021 च्या फेब्रुवारीत टॅम्पाविरुद्धचा सुपर बोल आठवतंय ना, चीफ्सचा लेफ्ट टॅकल एरिक फिशरची अकिलीस (टाचेची शीर) आधीच्या मॅचला फाटली, मग रेमर्स उजवीकडून डावीकडे, वायली गार्डवरून राइट टॅकलला, सगळी लाइन हलवली आणि माहोम्स रात्रभर जीव मुठीत धरून पळत होता. 31-9 ने हरले.

गंमत म्हणजे साडूंच्याच टीमने ह्याच्या उलट केलंय. मायलाटा ऑस्ट्रेलियाचा रग्बीवाला, 2018 ला सातव्या राउंडला घेतला, अमेरिकन फुटबॉल आयुष्यात खेळला नव्हता. ईगल्सचा तेव्हाचा लाइन कोच स्टाउटलँडने त्याला ह्याच एका जागेसाठी, लेफ्ट टॅकलसाठी, घडवला, दोन सीझन एक मॅच खेळला नाही, आणि 2021 ला पहिल्या राउंडच्या डिलार्डला मागे टाकून जागा घेतली. हे सांगितलं की साडू विषय बदलतात.

बरं, आता थोडं मोजूनमापून. चीफ्सचा कोच रीडकडे त्या डिसेंबरात पर्याय फारसे नव्हते हे खरं आहे. टूनी कॉलेजला लेफ्ट टॅकल खेळलेला, म्हणजे अगदीच नवखा नव्हता, आणि सुपर बोलची वाट त्याने एकट्याने लावली असंही नाही, आख्खी लाइन खचली. हम्फ्रीजचा पाय धड असता तर मी त्याला उभा केला असता आणि टूनीला घरी पाठवला असता, म्हणजे गार्डला. शिवाय हायस्कूलला पास मुळात कमी, तिथे रन ब्लॉकिंगवर ठरवावं. तुमचा क्वार्टरबॅक डावखुरा असेल तर त्याची पाठ उजवीकडे येते, तेव्हा हा सगळा हिशोब उजव्या बाजूला करा.

तुमचा टॅकल नुसता कच्चा असेल, जायबंदी नसेल, तर त्यालाच ठेवा आणि मदत द्या. टाइट एंड (ब्लॉकही करणारा आणि पासही घेणारा) शेजारी लावा, रनिंग बॅकला (बॉल घेऊन पळणाऱ्याला) बाहेर पडता पडता समोरच्या रशरला एक धक्का मारायला सांगा, बॉल लवकर सोडा. जायबंदी असेल तर बॅकअप टॅकल घाला, गार्ड नको.

आणि साडूसाहेब हे वाचणार, त्यांना कोणीतरी लिंक पाठवेलच. 2025 ला चीफ्सनी काय केलं ते जरा बघा. टूनी शिकागोला दिला, पहिल्या राउंडला जॉश सिमन्स टॅकल म्हणून घेतला, आणि तो बेंचवर बसवलेला सुआमाताइया लेफ्ट गार्डला खेळवला. आता सांगा मला बेस्ट फाइव्ह.