‘दोन पेग पाज’

प्रश्न : मुलगा 19 वर्षांचा. फोंड्याला कॉलेजात आहे, मित्रांबरोबर खोली घेऊन राहतो. चतुर्थीला घरी आला तेव्हा त्याच्या मोबाईलवर मित्रांच्या ग्रुपमधलं एक वाक्य दिसलं : ‘दोन पेग पाज, मग नाही म्हणत नाही.’ खाली हसरे चेहरे, त्यातला एक माझ्या मुलाचा. विचारलं तर म्हणतो, ‘मस्करी गे आई.’ त्याची दारू बंद केली तर पुरेल का?
– एक आई, साखळी

उत्तर : ताई, खुशाल बंद करा. गोव्यात 21 वर्षांखालच्यांना दारू विकायचीच नाही असा कायदा आहे. बारवाले तो किती पाळतात, ते तुम्हाला मी सांगायला नको. पण ते वाक्य पुन्हा वाचा. त्यात दारू मुलाने प्यायची नाहीये, मुलीला पाजायची आहे. बेत शुद्धीत ठरलाय.

पिऊन भीड चेपते, समोरचीचा नकार ‘लाजते’ वाटू लागतो, हे खरं. तरी पिणारे सगळेच तसं वागत नाहीत. जे वागतात त्यांच्यात अभ्यासकांना बरेचदा दिसतो तो मुलींबद्दलचा राग (‘या आपल्याला खेळवतात’), किती जणी ‘पटवल्या’ त्यावर ठरणारी पत, आणि मित्र पाठ थोपटतील ही खात्री. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ मेरी कॉस यांनी 32 कॉलेजांत केलेली पाहणी 1987 साली प्रसिद्ध झाली. त्यांनी बलात्कार हा शब्द न उच्चारता, फक्त काय केलं ते विचारलं. शंभरातल्या सात-आठ मुलांनी बलात्कार किंवा त्याचा प्रयत्न ठरेल असं कृत्य कबूल केलं. बलात्कार केलेल्यांपैकी बहुतेकांच्या लेखी तो बलात्कार नव्हताच!

तुमचा मुलगा बहुधा वेगळं पडू नये म्हणून हसला. लिहिणाऱ्याला मात्र ते कसं कळावं? त्याने सगळे चेहरे आपल्या बाजूचे धरले. हे मुलाला असंच सांगा, प्रवचन नको. भारतीय न्याय संहितेचं कलम 63ही दाखवा : आपण कशाला हो म्हणतोय हे नशेमुळे उमगत नसेल, तर तो होकार धरला जात नाही.

पण आधी विचारा, ते वाक्य कोणा मुलीबद्दल होतं. नाव निघालं तर तिला आजच्या आज सावध करायला लावा, त्यानेच. कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असते, तिच्याकडेही जाता येतं. मित्र तुटेल म्हणून तो कुरकुरेल. कुरकुरू दे.