बेल्टेन हा खरंच प्राचीन पेगन (ख्रिस्ती धर्माआधीचा) सण आहे, की अलीकडे उभं केलेलं नाटक? एडिनबराला जाऊन बघावा का?

दोन्ही खरं आहे. बेल्टेन म्हणजे आयर्लंड-स्कॉटलंडच्या गेलिक लोकांचा 1 मेचा जुना सण. आणि ‘नाटक’ हा शब्द या सणाबद्दल आमच्या घरात इतक्यांदा ऐकलाय की लिहिल्यावाचून राहवत नाही.

एडिनबराच्या कॅल्टन टेकडीवर 30 एप्रिलच्या रात्री होणारा अग्निउत्सव 1988 साली सुरू झाला. काही कलावंतांनी लोकसंस्कृतीच्या अभ्यासकांना सोबत घेऊन तो बसवला. मे महिन्याची राणी, हिरवा पुरुष, अंगभर लाल रंग फासून नाचणारे, यातलं बरंच काही जुन्या गेलिक बेल्टेनमध्ये नव्हतं. उत्सव करणारे ते लपवतही नाहीत.

आम्ही तिथे राहत असताना माझे मोठे दीर एप्रिलअखेरीस आले होते. हौसेनं त्यांना टेकडीवर नेलं. सगळा वेळ हाताची घडी घालून उभे. दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, “ही परंपरा नव्हे, नाटक आहे.” फक्त टेकडीवरच्या उत्सवाबद्दल म्हणाले असते तर मी गप्प बसले असते. पण ते सगळ्या बेल्टेनलाच म्हणत होते, म्हणून मी त्यांना पेनंट वाचून दाखवला आणि तिथे बिनसलं.

पेनंट हा 1769 साली स्कॉटलंड फिरलेला प्रवासी. त्यानं तिथल्या पर्थशर भागातल्या गुराख्यांचा बेल्टेन लिहून ठेवलाय. जमिनीत चौकोनी चर खणायचा, मधली हिरवळ तशीच ठेवायची, तिच्यावर जाळ करून अंडी, लोणी, ओटचं पीठ आणि दूध एकत्र शिजवायचं. त्यातलं थोडं आधी जमिनीवर सांडायचं. मग प्रत्येकानं नऊ उंचवटे असलेली ओटची भाकरी हातात घ्यायची आणि विस्तवाकडे तोंड करून एकेक उंचवटा मोडून खांद्यावरून मागे टाकायचा. हा तुला, माझे घोडे सांभाळ. हा तुला, माझी मेंढरं सांभाळ. राखणदारांचं झालं की मग नासधूस करणाऱ्यांचं: हा तुला कोल्ह्या, माझ्या कोकरांना सोड. मग कावळ्याला, मग गरुडाला.

दीर म्हणाले, “हा गुराख्यांचा अडाणीपणा. परंपरा म्हणजे ग्रंथ हवा, मंत्र हवा, पुरोहित हवा.” घरोघरचे विस्तव विझवून लाकडावर लाकूड घासून नवा अग्नी काढायचे, हे सांगितल्यावर मात्र त्यांना यज्ञातलं अरणीमंथन आठवलं आणि तेवढं पटलं. नवऱ्यानं विषय बदलला.

माझं माहेर पाटण तालुक्यातलं. वडिलांच्या म्हशी होत्या, त्यांच्याच दुधावर आम्ही शिकलो. म्हैस व्याली की आई मीठ-मोहरीनं तिची दृष्ट काढायची. दिवेलागणीनंतर दूध, ताक, मीठ उंबऱ्याबाहेर जात नसे, मागायला कुणीही येवो. आयर्लंड-स्कॉटलंडच्या गावांतही मे महिन्याच्या पहिल्या दिवशी घरातलं दूध आणि विस्तव बाहेर देत नसत. कुणीतरी त्या वाटेनं वर्षभराचं लोणी पळवेल ही भीती. गोठ्याच्या दाराला रोवन झाडाच्या काटक्यांची फुली लाल दोऱ्यानं बांधत. हे वाचलं आणि मी लगेच आईला फोन लावला. ती म्हणाली, “मग, देत नसतातच.”

हाच दिवस का, तेही गुरांमुळेच. तिथलं जुनं वर्ष दोन भागांत होतं: 1 नोव्हेंबरच्या साऊनपासून हिवाळा, 1 मेच्या बेल्टेनपासून उन्हाळा. थंडीत खंगलेली जनावरं या सुमारास डोंगरावरच्या कुरणात न्यायची. तिथे रोगराई, कोल्हे आणि आटणारं दूध. इसवी सन 900 च्या आसपासच्या एका आयरिश शब्दकोशात नोंद आहे की द्रुइड, म्हणजे तिथले प्राचीन पुरोहित, मंत्र म्हणून दोन होळ्या पेटवत आणि रोग होऊ नये म्हणून गुरं त्यांच्यामधून हाकत. म्हणजे दिरांना हवा असलेला मंत्र आणि पुरोहितही सापडतो. मला मात्र द्रुइडांपेक्षा ते गुराखी महत्त्वाचे वाटतात. बेल्टेन त्यांचा आहे. इंटरनेटवर देवी, शृंगार आणि फुलांचे मुकुट यांवर जे ढीगभर लिहिलं जातं, त्यात गाय कुठेच नसते, याचा मला राग येतो.

काही गोष्टी मात्र सांगायला हव्यात. द्रुइडांपासून कॅल्टन टेकडीपर्यंत अखंड धागा आहे असं कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका. तो शब्दकोश ख्रिस्ती माणसांच्या हातचा आहे आणि पेनंटचे गुराखी रविवारी चर्चला जाणारे होते. कॅलंडर गावात भाकरीचा एक तुकडा कोळशानं काळा करत, डोळे बांधून तुकडे काढत, आणि ज्याला काळा येईल त्यानं तीनदा जाळावरून उडी मारायची. याला नरबळीचा अवशेष म्हणतात, पण तसा पुरावा नाही.

जायचं असेल तर जरूर जा. तिकीट आधी काढा, जाड कोट घ्या, टेकडीवर वारा बोचतो. काही कलाकार अंगावर फक्त रंग लावून असतात, घरची मंडळी सोबत असतील तर आधीच सांगून ठेवा. आणि जमलं तर 1 मेला पहाटे आर्थर्स सीट ही एडिनबरामधलीच दुसरी टेकडी चढा. तिथे दवानं तोंड धुवायची जुनी रीत आहे, तिला तिकीट लागत नाही.

राहिले भावजी. ते कर्नाटकात मंड्याला नोकरीला होते. तिकडे संक्रांतीला सजवलेली गुरं आगीवरून उडवतात, ते त्यांनी पाहिलंय आणि अजून कौतुकानं सांगतात. तिथे त्यांनी ग्रंथ मागितला नव्हता. हे ते वाचतीलच, तेव्हा भावजी, मंड्याला परंपरा आणि पर्थशरला अडाणीपणा कसा, ते एकदा मला समजावून सांगा.