पहाटेच्या सी कयाकिंगला गाईड घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं आहे का?

तुम्ही लिहिलंय की वय ४६, पोहणं जुजबी, ऑक्टोबरात टर्कीला जाताय, आणि काश या किनाऱ्यावरच्या गावाजवळच्या केकोवा बेटाला पहाटेची गाईडेड कयाक (म्हणजे वल्ह्याची छोटी, अरुंद होडी) ट्रिप घ्यावी की कयाक भाड्याने घेऊन आपलं आपण फिरावं हे ठरत नाहीये. खर्च किती येईल, हेही विचारलंय. आणि जाता जाता एक वाक्य टाकलंय, "घरचे म्हणतात गाईडचे पैसे फुकट गेले." खरं सांगायचं तर मी त्या वाक्यासाठी लिहायला बसलेय.

गाईड घ्या. पहाटेचीच ट्रिप घ्या. उत्तर एवढंच आहे.

आता घरच्यांबद्दल. आमच्याकडे ते काम माझे धाकटे दीर करतात. आम्ही सगळे मिळून काशला गेलो होतो, त्याला आता बरीच वर्षं झाली, पण कुणाची मुंज असो की सत्यनारायण, पंगत बसली की भावोजी सुरू करतात: "होडीत बसायचे पैसे मी समजू शकतो. पण पैसेही आपणच द्यायचे आणि वल्हवायचंही आपणच? वहिनी, याला धंदा म्हणतात!" लोक हसतात. जाऊबाई हसतात. आमचे हे तर अजून पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसतात.

त्या दिवशी भावोजी, जाऊबाई आणि आमचे हे असे तिघं दहा वाजताच्या मोठ्या बोटीने गेले होते. गाद्या, छत, जेवण, गाणी. मी आणि माझी पुतणी, म्हणजे भावोजींचीच मुलगी, पहाटे अंधारात हॉटेलच्या दारात उभ्या. समोर समुद्रात ग्रीसच्या मेइस बेटावरचे दिवे दिसत होते, इतकं ते बेट काशच्या जवळ आहे. गाडीने आम्हाला डोंगरातून उचाइझ गावात नेलं. ट्रिप तिथून सुरू होते. काशहून केकोवापर्यंत सहसा कुणी वल्हवत नेत नाही, त्यामुळे जाहिरातीत "काशहून" लिहिलेलं असलं तरी त्यात गाडीचा प्रवास धरा.

उचाइझला पोचलो तेव्हा उजाडत होतं. गाईड तिशीतला, बोलणं कमी. त्याने आधी आम्हाला गुडघाभर पाण्यात नेऊन कयाक मुद्दाम उलटी करायला लावली. पुतणी नाक मुरडत होती, एवढ्या सकाळी केस ओले कशाला. मला मात्र तिथेच माणूस पटला. उलटल्यावर कसं बाहेर यायचं, कयाक कशी सरळ करायची, परत कसं चढायचं हे करून घेतल्याशिवाय जो तुम्हाला खोल पाण्यात नेतो, त्याच्याबरोबर जाऊ नका. जुजबी पोहणं चालतं, अंगावर लाइफ जॅकेट असतं. घाबरून हातपाय झाडणं चालत नाही, आणि ती भीती त्या दहा मिनिटांत बरीचशी जाते.

मग निघालो. केकोवा बेट लांबलचक आहे, साधारण ७ किलोमीटर, आणि मुख्य किनाऱ्याला समांतर पसरलेलं. त्यामुळे आतलं पाणी बरंच बंदिस्त राहतं, बाहेरच्या मोठ्या लाटा बेट अडवतं. बेटाच्या उत्तरेकडच्या काठाला ते बुडालेलं शहर. या किनाऱ्यावरच्या प्राचीन लिशियन लोकांची वस्ती होती. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या भूकंपांनी किनारा खचला आणि घरं पाण्यात गेली असं सांगतात. खडकात कोरलेल्या पायऱ्या कड्यावरून उतरतात आणि सरळ पाण्याखाली जातात. खोल्यांच्या चौकोनी खाचा, भिंतींच्या रेघा, तळाशी मडक्यांची खापरं. १९९० पासून हा भाग संरक्षित आहे. अवशेषांच्या पट्ट्यात पोहायला, डुबकी मारायला, नांगर टाकायला मनाई आहे. म्हणजे बघायचं ते पाण्यावरूनच, आणि पाण्याच्या जितकं जवळ बसाल तितकं जास्त दिसतं. कयाकमध्ये तुम्ही जवळजवळ पाण्यातच बसलेल्या असता. भावोजींच्या बोटीला तळाशी काच होती म्हणे. त्या काचेतून त्यांना काय दिसलं विचारलं तर म्हणाले, "शेवाळ."

इथे एक बारीक गोष्ट. अगदी सूर्य उगवताना गेलात तर तळ नीट दिसत नाही, ऊन तिरपं असतं आणि पाण्याखाली अंधारच. तास-दीड तासाने ऊन खाली उतरायला लागतं आणि तरीही वारा पडलेलाच असतो. ती वेळ साधायची. आमच्या गाईडने आधी आम्हाला उचाइझच्या काठावरच्या जुन्या दगडी थडग्यांकडून सावकाश नेलं आणि बरोबर त्या वेळेला बेटाच्या काठाला आणलं. पुतणीने वल्हं मांडीवर आडवं ठेवलं आणि खाली बघत बसली. एक पायरी, तिच्या खाली एक, तिच्या खाली एक, पुढच्या निळ्यात गेलेल्या. कॉलेजातली मुलगी, फोन काढायचं विसरली. हे मी भावोजींना सांगितलं तर म्हणाले, फोन कोरड्या पिशवीत होता म्हणून.

आता मुख्य मुद्दा. पुढे आम्हाला पलीकडे कालेकोयला जायचं होतं. हे गाव म्हणजे जुनं सिमेना. तिथे रस्ता जात नाही, बोटीने नाहीतर पायी. वर किल्ला, किल्ल्यात खडकात कोरलेलं छोटंसं थिएटर, खाली पाण्यात उभं असलेलं एकटं दगडी थडगं, आणि घरी केलेलं आइस्क्रीम विकणाऱ्या बायका. ट्रिपमध्ये किल्ला चढणं आणि तासभर मुक्काम लिहिलेला होता. आम्ही अर्धं अंतर कापलं आणि गाईडने वल्हं थांबवून पश्चिमेकडे बघितलं. पाणी तर शांत होतं. मग म्हणाला, किल्ला नाही, थडगं जवळून बघून परत फिरायचं.

मी बघितलं तर लांब पश्चिमेच्या तोंडाशी पाण्यावर एक काळी रेघ होती. माझं माहेर जयगडच्या खाडीकाठचं. ती रेघ मला कुणी समजावून सांगायला नको. वारा येतो तेव्हा आधी पाण्याचा रंग बदलतो, मग आवाज येतो, मग तुम्हाला लागतो. कालेकोयहून उचाइझ पश्चिमेला आहे. म्हणजे परतताना तो वारा सरळ तोंडावर घ्यायचा. दोन बायका एका कयाकमध्ये, त्यातली एक त्याच सकाळी वल्हं धरायला शिकलेली. मी म्हटलं, फिरूया.

परत येईपर्यंत वारा सुरू झालाच होता. शेवटचा टप्पा आम्ही दात-ओठ खाऊन मारला. काठाला लागलो, जॅकेट काढली, चहा हातात आला तेव्हा मागे पाण्यावर पांढरे फेस उठले होते. भावोजींची बोट त्या फेसातून आरामात कालेकोयला गेली. इंजिनाला काय वारा? ते किल्ला चढले, आइस्क्रीम खाल्लं, फोटो काढले. आणि संध्याकाळी मला म्हणाले, "पैसे पूर्ण घेतले आणि अर्ध्यातून परत आणलं. मी असतो तर भांडलो असतो."

हे माझं खरं दुखणं आहे. आमचं भांडण वल्हवण्यावरून कधीच नव्हतं. माझं म्हणणं असं की आम्ही पैसे दिले ते त्या परत फिरवण्याचेच. वाट दाखवायला गाईड लागतो असं नाही, केकोवात वाट चुकायला जागाच कुठे आहे, चारी बाजूंना जमीन दिसते. ट्रिप छोटी केली की गिऱ्हाईक कुरकुर करणार, वाईट लिहिणार, हे माहीत असून जो "आता पुरे" म्हणतो त्याला पैसे द्यायचे असतात. भाड्याच्या कयाकवाल्याला तुमच्याशी देणंघेणं नसतं. तो म्हणतो, पाचपर्यंत आणून द्या. काळी रेघ दिसली की फिरायचं हे तुम्हाला त्या वेळी कोण सांगणार? घरचे सांगणार?

आणि "भूमध्य समुद्र म्हणजे तळं" हेही भावोजींचंच वाक्य आहे, तुमच्याकडेही कुणीतरी म्हणेलच. भरती-ओहोटीपुरतं ते खरं आहे. मुंबईला उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते, तिथे केकोवाला पाणी वीतभर वर-खाली होतं. म्हणून कोकणातला माणूस फसतो. आपण तिथी बघून पाण्यात जाणारे. तिथे तिथीचा उपयोग नाही, घड्याळाचा आहे. शाळेत मतलई वारे आणि खारे वारे शिकलो होतो ना, तेच. रात्री गार झालेल्या डोंगराकडून समुद्राकडे हलका वारा, सकाळी काही वेळ सगळं थांबलेलं, आणि जमीन तापली की समुद्राकडून जोराचा. उन्हाळ्यात एजियन समुद्राकडून येणारा मेल्तेम नावाचा वारा त्यात भर घालतो. पहाटेची ट्रिप असते ती या मधल्या थांबलेल्या वेळेसाठी. सूर्योदयाचे फोटो हे वरचं वरकड. संध्याकाळच्या "सनसेट कयाक"ला मी तुमच्या जागी असते तर गेले नसते. वारा संध्याकाळी पडतो कधीकधी, पण पडेलच असं धरून अंधाराच्या तोंडावर पाण्यात का जायचं?

डोंगराकडून समुद्राकडे वाहणारा वारा जास्त फसवा असतो. काठाजवळ पाणी गुळगुळीत दिसतं, कारण लाट उठायला वाऱ्याला लांबीच मिळत नाही. शे-दोनशे मीटर आत गेलात की कळतं, आणि तेव्हा तो तुम्हाला बाहेरच ढकलत असतो.

वल्हवण्याबद्दल एकच सांगते. हातांनी ओढू नका, दंड भरून येतील आणि घरचे म्हणतील बघा सांगितलं होतं. ताक घुसळताना रवीची दोरी ओढतो तेव्हा कंबरेपासून अंग कसं डावी-उजवीकडे फिरतं, तसं फिरवा. पाय पुढच्या आधारावर टेकलेले, मूठ सैल. मोठ्या बोटीची लाट आली तर कयाकचं नाक तिच्याकडे करा आणि वल्हवत राहा, थांबलात की डुलायला लागता. दोघांची कयाक असेल तर सुकाणू मागच्याच्या पायाशी असतं. तिथे नवऱ्याला बसवायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी पुतणीला पुढे बसवलं होतं.

सुती कपडे नकोत, ओले झाले की वाळत नाहीत आणि वाऱ्यात अंग काकडतं. लांब बाह्यांचा पोहायचा टॉप, टोपी, चष्म्याला दोरी. निघण्यापूर्वी चहा अर्धा कप आणि बाथरूमला जाऊन या. पाण्यात सोय नसते आणि हे जाहिरातीत कुणी लिहीत नाही. तिथलं पाणी आपल्यापेक्षा खारट आहे, तोंडावर सुकलं की डोळे चुरचुरतात, म्हणून गोड्या पाण्याची एक बाटली वेगळी ठेवा.

आता इतकं सगळं लिहून झाल्यावर हेही सांगायला हवं की प्रत्येक गाईड आमच्या गाईडसारखा नसतो. दहा-बारा कयाकमागे एकच माणूस असेल तर त्या गाईडचा उपयोग किती, हा घरच्यांचा प्रश्न बरोबर ठरेल. खांदा आखडलेला असेल, पाठीचं दुखणं असेल तर बोटच बरी, त्यात कमीपणा काही नाही. तुम्हाला सवय असेल, खाडीत नेहमी वल्हवत असाल, तर वारा नसलेल्या सकाळी उचाइझच्या आतल्या पाण्यात भाड्याची कयाक घेऊन काठाकाठाने फिरायलाही हरकत नाही. पण तुम्ही जुजबी पोहणं म्हणालात म्हणून मी तसं धरून लिहिलं. ऑक्टोबरात पाणी अजून उबदार असतं, मेमध्ये तेच गार लागतं.

खर्चाचं राहिलं. टर्कीच्या लिराचा भाव इतका पडत गेलाय की माझ्या वेळचा आकडा तुम्हाला उपयोगाचा नाही. बरेच जण हल्ली युरोतच दर सांगतात. विचारताना काश ते उचाइझ गाडी धरलीय का, नाश्ता धरलाय का, एका गाईडमागे किती कयाक, आणि वाऱ्यामुळे ट्रिप रद्द झाली तर पैसे परत की दुसरा दिवस, हे मेसेजवर लिहून घ्या. आणि ट्रिप मुक्कामाच्या सुरुवातीला ठेवा. शेवटच्या दिवशी ठेवलीत आणि वारा सुटला तर दुसरा दिवस हातात राहत नाही.