खुर्ची मागूनही पाहा

गेल्या अंकात डिझाइन आणि सजावटीच्या कलांच्या संग्रहालयांचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर पत्रांचा ढीग आला. मी पंचवीस वर्षं जुन्या लाकडी सामानाची डागडुजी करते आहे, त्यामुळे उत्तरं थोडी सुताराच्या बाजूला झुकतील. एवढं सांभाळून घ्या.

*‘ताई, एका शहरातलं डिझाइन संग्रहालय आम्ही दोघांनी दोन तास फिरून पाहिलं. खुर्च्या, काचेची भांडी, पडदे, दिवे, चमचे. बाहेर आल्यावर एकही वस्तू नीट आठवेना. चित्रांच्या संग्रहालयात आमचं असं होत नाही. आमचं काय चुकतं?’*

तुमचं चुकत काही नाही. चित्र आपल्याकडे तोंड करून टांगलेलं असतं आणि मुळात पाहण्यासाठीच काढलेलं असतं. समोर उभं राहिलं की निम्मं काम झालं. खुर्ची केलेली असते बसायला. तिच्याकडे नुसतं समोरून पाहिलं तर ‘खुर्ची आहे’ एवढंच कळतं, आणि पाय पुढे निघतात. अशा तीनचारशे वस्तू एका दमात पाहिल्या तर मलाही काही आठवणार नाही.

मी असं करते. पहिली फेरी न थांबता मारते, अर्ध्या तासात सगळी दालनं संपवते. जिथे पाय आपोआप घुटमळले अशा चारपाच वस्तू लक्षात ठेवते आणि मग फक्त त्यांच्याकडे परत जाते. बाकीच्या राहिल्या तर राहू देते. त्या चारपाचांत मात्र दोन गोष्टी शोधल्याशिवाय हलत नाही: घडवणाऱ्याचा हात कुठे दिसतो, आणि वापरणाऱ्याचा कुठे.

एक वस्तू घेऊनच सांगते, कारण ती तुम्हाला अशा बहुतेक संग्रहालयांत भेटेल. मिखाएल थोनेट या फर्निचर-कारागिराची १४ नंबरची खुर्ची, १८५९ सालची. जुन्या कॅफेंमध्ये असायची तीच. समोरून अगदी साधी: गोल बैठक, पाठीला दोन कमानी, एकीत एक. आता बाजूला या आणि मागचा एक पाय जमिनीपासून नजरेनं धरा. तो वर जातो, पाठीची बाहेरची कमान होतो, माथ्याशी वळतो, दुसऱ्या बाजूनं खाली उतरतो आणि दुसरा पाय होतो. मधे सांधा कुठेच नाही. दोन पाय आणि पाठ मिळून ती एकच काठी आहे.

हे किती अवघड आहे ते लाकूड वाकवून पाहिल्याशिवाय कळत नाही. लाकूड दाब बराच सोसतं, ताण फारसा सोसत नाही. काठी वाकवली की आतली बाजू दाबली जाते, बाहेरची ताणली जाते, आणि ती ताणलेली बाजू फाटते. वाफेनं मऊ केलेल्या काठीचंही तेच होतं. थोनेटनं बीच नावाच्या झाडाच्या काठीच्या बाहेरच्या अंगाला लोखंडी पट्टी घट्ट आवळली आणि मग काठी वाकवली. पट्टी ताणली जात नाही, म्हणून तिला चिकटलेलं लाकूडही ताणलं जात नाही. सगळा भार दाब होऊन आतल्या अंगावर जातो आणि काठी न फाटता वळते. तशीच साच्यात अडकवून वाळवायची. मी एकदा पट्टी न लावता हा प्रयोग केला होता. वळणाच्या बाहेरच्या बाजूला आधी केसाएवढा पापुद्रा उभा राहिला, मी हात आवरायच्या आत कडाड्कन आवाज झाला आणि काठी हातात दुभंगली. तेव्हापासून ही खुर्ची दिसली की माझी नजर आधी त्या माथ्याच्या वळणावर जाते. तिथले रेषे अखंड, वळणाबरोबर वळलेले दिसतात. पाहताना आजही छाती भरून येते.

सगळी मिळून सहा लाकडं, दहा स्क्रू आणि दोन नट. सुट्या केल्या तर एक घनमीटरच्या पेटीत छत्तीस खुर्च्या मावत, आणि जिथे पोहोचतील तिथे जोडता येत. १९३० पर्यंत अशा सुमारे पाच कोटी खुर्च्या विकल्या गेल्या होत्या.

मग वापरणाऱ्याचा हात शोधा, म्हणजे इथे पाय. बैठकीखाली चारही पायांना धरून ठेवणारं एक कडं असतं. खूप वापरलेल्या खुर्चीत त्या कड्याचं पॉलिश पुढच्या बाजूला गेलेलं असतं. बसणाऱ्यांनी टाचा तिथे टेकवल्या. बसलेली माणसं गेली, त्यांच्या टाचांची खूण राहिली.

*‘खुर्ची, किटली, कात्री या रोजच्या वस्तू. त्या काचेआड ठेवून तिकीट लावण्यासारखं त्यांत काय असतं? राग मानू नका, खरंच विचारतो आहे.’*

राग कसला? अशी संग्रहालयं मुळात याच प्रश्नावर उभी राहिली.

१८५१ मध्ये लंडनमध्ये जगभरच्या मालाचं मोठं प्रदर्शन भरलं. यंत्रानं केलेल्या वस्तूंचे डोंगर होते, पण त्यांतल्या कितीतरींवर नक्षी नुसती थापलेली होती. वस्तूचा तिच्याशी काही संबंध नव्हता. हेन्री कोल हे त्या प्रदर्शनाच्या कर्त्या मंडळींपैकी एक. कारागिरांना, कारखानदारांना आणि गिऱ्हाइकांनाही चांगली वस्तू ओळखता यावी, म्हणून त्यांनी १८५२ मध्ये संग्रहालय सुरू केलं. १८५७ मध्ये ते साउथ केन्सिंग्टनला गेलं, आणि आज आपण त्याला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्हणतो. दिवसभर राबणाऱ्यांना काम सुटल्यावर येता यावं म्हणून तिथे गॅसचे दिवे लावून संध्याकाळीही दालनं उघडी ठेवत. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. हे घर आधी हातानं काम करणाऱ्यांसाठी होतं.

सुरुवातीला तिथे वाईट डिझाइनचंही एक दालन होतं. त्यात एक भिंतीचा कागद होता, रेल्वे स्टेशनाचं देखाव्यासारखं चित्र पुन्हा पुन्हा छापलेला. आक्षेप असा की सपाट भिंतीला खोलपणाचा खोटा आभास कशाला, आणि तोही हातभर अंतरावर पुन्हा पुन्हा? कारखानदार चिडले आणि ते दालन फार टिकलं नाही. त्यातली सगळी मतं मला पटत नाहीत, तेव्हाची मंडळी जरा जास्तच सोवळी होती. पण ‘हे आम्हाला चुकीचं वाटतं, आणि ते या कारणासाठी’ असं एखाद्या संग्रहालयानं छातीठोकपणे सांगणं मला आजही हवं आहे. आता पाट्यांवर सगळंच सुंदर आणि सगळंच महत्त्वाचं असतं. पाहणाऱ्याला वाद घालायला जागाच उरत नाही.

लंडनचं पाहून १८६४ मध्ये व्हिएन्नात असंच संग्रहालय उघडलं. न्यूयॉर्कमध्ये १८९७ मध्ये हेविट बहिणींनी स्वतः जमवलेल्या वस्तूंतून एक उभं केलं. तेव्हा तुमची किटली काचेआड आहे ती मोठ्या घरातली म्हणून नव्हे. कुणीतरी तिच्या तोटीचा कोन ठरवताना विचार केला होता, तो दिसावा म्हणून. पाणी ओतताना थेंब तोटीवरून मागे ओघळतो की नाही, हा त्या विचाराचा निकाल.

*‘कापडांच्या दालनात इतका अंधार होता की भरतकाम दिसेना. पैसे भरून यायचं आणि चाचपडायचं?’*

तक्रार समजू शकते, पण इथे मी संग्रहालयाच्या बाजूनं आहे. प्रकाशानं उडालेला रंग परत येत नाही. काळोखात ठेवलं म्हणून कापड बरं होत नाही, झालेलं नुकसान साठत जातं. म्हणून रेशीम, रंगवलेली लोकर, कागद यांवर साधारण ५० लक्स उजेड ठेवतात. ऑफिसच्या टेबलावर त्याच्या सहा ते दहापट असतो. बाहेरच्या उन्हातून एकदम आत गेलात तर काहीच दिसणार नाही. दाराशी पाच मिनिटं नुसत्या उभ्या राहा. डोळे सरावतात आणि टाके एकेक करून वर येऊ लागतात.

लंडनच्या त्याच संग्रहालयात इराणचा अर्दबिलचा गालिचा आहे. त्यावर विणलेलं हिजरी साल ९४६, म्हणजे १५३९-४०. लांबी साडेदहा मीटर. तो जमिनीवरच अंथरलेला आहे, भोवती काच आहे, आणि त्याचे रंग टिकावेत म्हणून दिवे दर अर्ध्या तासाला फक्त दहा मिनिटं लावतात. मी पोहोचले तेव्हा दिवे नुकतेच मालवले होते. वीस मिनिटं थांबले, आणि थांबले ते बरं झालं. त्या मंद उजेडात नक्षी धूसर होती, पण गालिच्याचा आकार, त्याचं पसरलेपण अंगावर आलं. दिवे लागल्यावर मधलं पिवळं सूर्यासारखं चक्र उजळलं, त्याच्याभोवतीची सोळा पानं, आणि त्यांमागची गडद निळी जमीन. त्या निळ्याकडे टक लावून पाहा. ती एकसारखी नाही, तिच्यात हलक्या लाटा आहेत. लोकर थोडी थोडी करून रंगवत. एका घाण्याचा निळा दुसऱ्या घाण्याच्या निळ्याशी तंतोतंत जुळत नसे, आणि विणताना तो फरक गालिच्यात उतरला. घडवणाऱ्याचा हात म्हणते तो हा.

चक्राच्या वर-खाली दोन दिवे विणलेले आहेत, एक मोठा, एक लहान. त्यामागचा एक तर्क असा की लहान दिव्याच्या टोकाला बसणाऱ्याला लांबचा मोठा दिवा जवळच्याएवढाच दिसावा. मी त्या टोकाला जाऊन वाकून पाहिलं. मला तर्क पटला. तुम्ही स्वतः पाहून ठरवा.

*‘फोटो काढावेत का?’*

जिथे परवानगी आहे तिथे काढा, फ्लॅश बंद ठेवून. फक्त आधी वस्तू पाहा आणि मग फोन काढा. वस्तूच्या फोटोला जोडून पाटीचाही काढा. नाहीतर घरी आल्यावर चाळीस फुलदाण्या असतात आणि एकीचंही नाव नसतं.

*‘दहा वर्षांच्या नातवाला नेलं. पंधरा मिनिटांत “आजी, चल ना” सुरू झालं. मुलांना अशा ठिकाणी नेऊच नये का?’*

न्यावं, नक्की न्यावं, आणि तुम्ही त्याच्या मागे चालावं. दहा वर्षांच्या मुलाची नजर आपल्यापेक्षा वीतभर तरी खाली असते, आणि खाली बसायला त्याला लाज वाटत नाही. टेबलाची खालची बाजू, खुर्चीच्या बैठकीचा तळ, कपाटाचे पाय हे सगळं त्याला सहज दिसतं. कारागिरानं रंधा फिरवायचं सोडलेली, पटाशीच्या खुणा राहिलेली जागा तिथेच असते.

मी माझ्या भाचीला एकच काम दिलं होतं: ‘प्राण्यांचे पाय शोध.’ जुन्या खुर्च्या-टेबलांचे पाय कितीदा तरी पंजे असतात, सिंहाचे, कधी गोळा धरलेल्या पक्ष्याचे. तिला एकाच दालनात अकरा सापडले. अकरावा सापडल्यावर तिनं विचारलं, ‘मावशी, यांचे पुढचे आणि मागचे पाय वेगळे का आहेत?’ मी ती खुर्ची पूर्वी तीनदा पाहिली होती. माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. पुढचे पाय कोरलेले होते, मागचे साधे, कारण खुर्ची भिंतीला टेकून ठेवायची होती आणि तिची पाठ कुणी पाहणार नव्हतं.

त्याला वही-पेन्सिल द्या आणि एका पायाचं चित्र काढायला सांगा. अख्ख्या खुर्चीचं नको. आणि तासाभरात बाहेर पडा, अजून पाहायचं आहे असं तो म्हणत असतानाच.

*‘संग्रहालयात पाहिल्यासारखंच एक लिहिण्याचं टेबल आमच्या घरात आहे, पणजोबांच्या वेळचं असं सांगतात. कड एका ठिकाणी झिजून खोलगट झाली आहे, वर शाईचा डाग आहे. घासून, पॉलिश करून नव्यासारखं करून घ्यावं असं घरात चाललं आहे. तुम्ही काय म्हणाल?’*

थांबा. घासू नका.

हे इतक्या तातडीनं सांगते, कारण ही चूक मी केली आहे. कामाला लागून दुसरंच वर्ष असेल. असंच एक टेबल माझ्याकडे आलं. उजव्या हाताची कड मनगटाएवढ्या रुंदीत झिजली होती. मी ती आखून, तासून, सरळ करून दिली. मालकीणबाई टेबल न्यायला आल्या, त्यांनी त्या जागेवर हात ठेवला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘इथे बाबांचा हात असायचा.’ ती कड मी परत आणू शकले नाही. आज संग्रहालयात झिजलेली जागा शोधत फिरते, त्याची सुरुवात तिथे झाली.

टेबलाचं वय कळायला मदत होईल अशा काही जागा सांगते. खण पूर्ण बाहेर काढा आणि त्याचे कोपरे पाहा. सांध्याचे दात पारव्याच्या शेपटीसारखे पसरट असतील आणि प्रत्येक दात थोडा वेगळा असेल, तर ते बहुधा हातानं कापलेले आहेत. सगळे अगदी एकसारखे असतील तर बहुधा यंत्रानं. खणाच्या तळाच्या फळीवर बोटं आडवी फिरवा. हलक्या लाटा लागल्या तर तो हातरंधा. स्क्रू काढू नका, पण दिसत असतील तर त्यांच्या डोक्यावरची खाच मध्यभागी आहे का बघा. जुन्या, हातानं केलेल्या स्क्रूंची खाच बरेचदा जरा बाजूला सरकलेली असते. एका खुणेवर भिस्त ठेवू नका, कारण खण नंतर बदललेला असू शकतो.

तोवर ओलं फडकं, स्प्रे, तेल काही लावू नका. मऊ कोरड्या कापडानं धूळ पुसा आणि टेबल उन्हाच्या तिरिपेतून हलवा. शाईचा डाग राहू दे. खणाचे कोपरे, तळाची फळी आणि ती झिजलेली कड, तिन्हींचे फोटो तिरप्या उजेडात काढून सदराच्या पत्त्यावर पाठवा. कडेच्या फोटोत शेजारी मोजपट्टी ठेवा, आणि पणजोबा उजव्या हातानं लिहायचे की डाव्या, हे घरात कुणाला आठवत असेल तर तेही कळवा.