गोचीड चावल्यानंतर दहाव्या दिवशी लाइम या गोचिडीमुळे होणाऱ्या आजाराची रक्तचाचणी निगेटिव्ह आली, तर आजार नाही असे समजावे का?

नाही, एवढ्यावरून तसे समजू नये. चाव्याभोवतीचा लाल चट्टा दिवसागणिक पसरतो आहे असे आपण लिहिले आहे, आणि माझ्या मते अहवालापेक्षा तो चट्टा अधिक महत्त्वाचा आहे. प्रतिपिंडांच्या चाचण्यांचे अहवाल मी अनेक वर्षे तपासत आलो आहे. ही चाचणी लाइमला कारणीभूत असलेला बोरेलिया जिवाणू शोधत नाही, तर त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधते, आणि ती चाचणीत दिसण्याइतकी वाढायला काही आठवडे लागतात. म्हणूनच चट्टा उमटण्याच्या सुरुवातीच्या दिवसांत निम्म्याहून अधिक रुग्णांचा अहवाल निगेटिव्ह येतो. चट्टा पाच सेंटिमीटरहून मोठा असेल आणि लाइम आढळणाऱ्या प्रदेशात गोचीड चावली असेल, तर रक्तचाचणीवर न थांबता डॉक्टर निदान करून प्रतिजैविके सुरू करतात, आणि तेच योग्य आहे. तेव्हा कृपया चट्टा लगेच दाखवा.

संसर्ग जुना होऊन गुडघा सुजण्यापर्यंत पोहोचला, की हीच चाचणी फार भरवशाची ठरते. तेव्हा आयजीजी (संसर्गात उशिरा वाढून टिकणारी प्रतिपिंडे) निगेटिव्ह असेल, तर सुजेचे दुसरे कारण शोधावे.

पॉझिटिव्ह अहवालही जपूनच वाचावा लागतो. ल्युपस, सिफिलिस अशा आजारांत एलायझा (प्रतिपिंडांची पहिली चाचणी) खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून तिच्यानंतर वेस्टर्न ब्लॉट (जिवाणूच्या एकेका प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी) करून आयजीजीचे 10 पैकी किमान 5 किंवा आयजीएमचे (संसर्गात आधी तयार होणाऱ्या प्रतिपिंडांचे) 3 पैकी किमान 2 पट्टे पाहिले जातात. (2019 पासून अमेरिकेत ब्लॉटऐवजी दुसरी एलायझासारखी चाचणीही मान्य आहे.) लक्षणे सुरू होऊन महिना उलटल्यावर केवळ आयजीएम पॉझिटिव्ह असेल, तर तो निदानाचा आधार मानू नये. आयजीएमच्या त्या 3 पट्ट्यांपैकी 41 क्रमांकाचा पट्टा जिवाणूच्या शेपटीतील प्रथिनाचा असतो, आणि तशी प्रथिने इतर जिवाणूंतही असल्यामुळे तो निरोगी माणसांतही दिसतो. अशा एकट्या आयजीएमवरून महिनोन्‌महिने प्रतिजैविके घेतलेले रुग्ण मी पाहिले आहेत, आणि त्याचे मला फार वाईट वाटते.

बरे झाल्यावरही प्रतिपिंडे वर्षानुवर्षे रक्तात राहू शकतात, त्यामुळे उपचार लागू पडले का हे पाहण्यासाठी चाचणी पुन्हा करू नये. मात्र चट्ट्याबद्दल डॉक्टरांनाच शंका वाटली, तर दोन ते चार आठवड्यांनी दुसरा नमुना द्यावा. आधी निगेटिव्ह असलेला अहवाल तेव्हा पॉझिटिव्ह आला, तर ताज्या संसर्गाचा तो सबळ पुरावा असतो.