वाचकांचे प्रश्न: डबल सस्पेन्शनची सायकल निवडताना

या अंकासाठी आलेले बरेचसे प्रश्न मागे-पुढे दोन्हीकडे शॉक असलेल्या माउंटन सायकलींबद्दल आहेत. सारखे वाटणारे प्रश्न आम्ही एकत्र केले आहेत.

प्रश्न: पुण्याच्या आसपासच्या टेकड्या, शनिवार-रविवारी सिंहगडाच्या पायथ्याकडच्या वाटा आणि अधूनमधून ऑफिस, असा माझा वापर आहे. वजन 74 किलो. जेवढ्या पैशात चांगली हार्डटेल (फक्त पुढे शॉक असलेली सायकल) येते, तेवढ्यातच एक साधी डबल सस्पेन्शन मिळते आहे. मित्र म्हणतात, घ्यायचीच तर 160 मिलिमीटर ट्रॅव्हलची (चाक तेवढं वर-खाली सरकेल अशी) घे. काय करू? (एक वाचक, पुणे)

किंमत सारखीच असेल तर हार्डटेल घ्या. मागचा शॉक, लिंक, आठ-दहा बेअरिंग आणि फ्रेमवरचे जादा जोड यांना पैसे लागतात. किंमत तीच ठेवायची तर कंपनी ते फोर्क (पुढचा शॉक), ब्रेक आणि चाकांमधून वाचवते. उतारावर तुम्हाला सांभाळतात ते ब्रेक आणि टायर. त्यांत काटछाट झालेली सायकल मागे कितीही मऊ असली तरी हातात राहत नाही.

दुकानात ‘डबल शॉकअप’ म्हणून मिळणाऱ्या स्वस्त सायकलींमध्ये मागे बहुतेक वेळा नुसती स्प्रिंग असते, डॅम्पिंग नसतं. चांगल्या शॉकमध्ये तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि दगडाचा धक्का उष्णतेत जिरतो. नुसत्या स्प्रिंगमध्ये तो साठतो आणि पुढच्याच क्षणी परत येतो. त्यामुळे दुसऱ्या दगडापाशी मागचं चाक हवेत असतं आणि मागचा ब्रेक दाबून उपयोग होत नाही. ओळख सोपी आहे. सीटवर दोन्ही हातांनी जोर देऊन मागचा भाग खाली दाबा आणि एकदम सोडा. उसळी मारून वर आला आणि पुन्हा डुलला, तर ती सायकल रस्त्यापुरतीच. शॉकवर रिबाउंडची खटकी आहे का, ती फिरवल्यावर वर येण्याचा वेग खरोखर बदलतो का, हेही तिथेच बघा.

पुढे बजेट वाढवता आलं तर मागे 120 ते 130 आणि पुढे 130 ते 140 मिलिमीटर ट्रॅव्हल तुम्हाला पुरेसं आहे. 160 ची सायकल लांब, तीव्र उतारांसाठी बांधलेली असते. तिचं हेड अँगल (फोर्कचा कल) बरंच पडलेलं असतं, वजन सहज 15 किलोच्या पुढे जातं, आणि आपल्याकडे वर न्यायला लिफ्ट नाही, चढ स्वतःच्याच पायांनी चढायचा आहे. सह्याद्रीतल्या वाटांवर मुरूम, सुटे गोटे, काळ्या दगडाच्या ओबडधोबड पायऱ्या आणि चालणारी माणसं-गुरं असतात. तिथे 160 मिलिमीटर खर्ची पडेल असा वेग धरूही नये.

ट्रॅव्हलच्या आकड्यापेक्षा आधी या गोष्टी मोजा: हवेचा शॉक (स्प्रिंगचा घेतला तर वजनाप्रमाणे स्प्रिंग बदलावी लागते), दोन्ही चाकांना थ्रू अ‍ॅक्सल (चाकातून आरपार जाणारा जाड दांडा), निदान 180 मिलिमीटरचे रोटर (ब्रेकच्या चकत्या) आणि हायड्रॉलिक ब्रेक, ट्यूबलेस होणारे रिम आणि ड्रॉपर सीटपोस्ट (चालवतानाच खाली-वर करता येणारा सीटचा दांडा). बाभळीच्या काट्यांच्या मुलखात ट्यूबलेसला पर्याय नाही. 29 × 2.4 च्या टायरमध्ये साधारण 100 मिलिलिटर सीलंट (छिद्र बुजवणारा द्रव) घाला आणि दर दोन-तीन महिन्यांनी काडी घालून पातळी बघा. आपल्या उन्हात ते लवकर वाळतं.

प्रश्न: नवीन सायकल चढावर फार डुलते. पेडल मारताना अर्धी ताकद शॉकमध्येच जाते असं वाटतं. डिझाइनच चुकीचं आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

डिझाइनला दोष देण्याआधी सॅग मोजा, म्हणजे तुम्ही नुसते बसल्यावर शॉक किती दबतो ते. दुकानातून सायकल ज्या हवेवर येते, ती तुमच्या वजनाची नसते.

शॉक पंप लागेल, टायरचा पंप चालत नाही. सुरुवातीला वजन पाउंडात जितकं, तितके पीएसआय भरा. 70 किलो म्हणजे साधारण 154. हा फक्त आरंभ आहे, कारण प्रत्येक फ्रेमचं तरफेचं गुणोत्तर (चाक किती सरकलं की शॉक किती दबतो ते) वेगळं असतं. मग पंप न काढता शॉक दहा वेळा हळूहळू अर्ध्यापर्यंत दाबा, म्हणजे आतल्या दोन्ही कप्प्यांतला दाब सारखा होईल, आणि काटा पुन्हा बघा. तो खाली आलेला असेल. हे न केल्यामुळेच बहुतेकांचं माप चुकतं. लॉकआउट (शॉक बंद करणारी खटकी) उघडा. बूट, हेल्मेट, पाण्याची बॅग सगळं घालून, भिंतीला कोपर टेकवून सीटवर बसा. शॉकच्या दांड्यावरचं रबरी कडं सीलपर्यंत सरकवा, उसळी न मारता उतरा आणि कडं किती सरकलं ते मोजा. 55 मिलिमीटर स्ट्रोकच्या (जास्तीत जास्त तेवढा दबणाऱ्या) शॉकवर 30 टक्के म्हणजे साडेसोळा मिलिमीटर. मागे 25 ते 30 आणि पुढे 15 ते 20 टक्के ठेवा. तुमचा आकडा 40 च्या आसपास निघाला तर डुलण्याचं कारण तेच.

सॅग बरोबर असूनही डुलत असेल तर चढाला शॉकची मधली किंवा बंद खटकी वापरा. साध्या एका पिव्हटच्या (हलत्या सांध्याच्या) फ्रेमवर ती बहुधा जास्त लागते, हॉर्स्ट लिंक किंवा डीडब्ल्यू लिंक या अनेक सांध्यांच्या रचनांवर बहुधा कमी. दगडी उतार सुरू होण्याआधी ती उघडायला विसरू नका.

प्रश्न: पावसाळा संपला की मागून करकर सुरू होते. मिस्त्री म्हणतो सगळी बेअरिंग बदला. सायकल दोनच वर्षांची आहे. (एक वाचक, महाड)

आधी स्वस्त कारणं एकेक करून बाद करा. सीटपोस्ट, सीटचा क्लॅम्प, मागचा अ‍ॅक्सल, डिरेलर हँगर (गिअर बदलणारा डिरेलर ज्याला अडकवतात तो तुकडा) आणि पेडल काढून पुसा, ग्रीस लावून बसवा (कार्बन असेल तिथे ग्रीस नको, कार्बन पेस्ट), आणि प्रत्येक वेळी चालवून बघा. करकर पिव्हटमधून येते असं वाटतं, पण कित्येकदा ती सीटपोस्टमधून आलेली असते.

नंतर शॉकच्या डोळ्यावर (बोल्ट जातो त्या टोकावर) बोट ठेवून सीट धरून मागचं चाक अलगद उचला. चाक जमिनीवरून सुटायच्या आधीच बोटाला ‘टक’ लागलं तर शॉकचं बुश (बोल्टभोवतीची छोटी नळी) झिजलंय. ते बेअरिंगपेक्षा बरंच स्वस्तात बदलतं.

खरी परीक्षा शॉक काढल्यावर होते. मागची त्रिकोणी फ्रेम हाताने वर-खाली करा. ती जड पण सलग फिरली पाहिजे. वाळू चावल्यासारखी खरखर लागली, मधेच अडकली किंवा बाजूला हलली, तर बेअरिंग गेली. दोन वर्षं कोकणच्या पावसात हे अगदी शक्य आहे. पिव्हटची बेअरिंग पूर्ण फेरा घेतच नाहीत, काही अंशच हलतात. तेच गोळे त्याच जागी राहतात, ग्रीस पसरत नाही आणि आत शिरलेलं पाणी तिथेच बसून खड्डे पाडतं.

सीलवर क्रमांक कोरलेला असतो. 6902 2RS म्हणजे आतला व्यास 15, बाहेरचा 28 आणि जाडी 7 मिलिमीटर. हा क्रमांक शहरातल्या औद्योगिक बेअरिंगच्या दुकानातही मिळतो. मात्र पिव्हटसाठी शक्य तिथे बिनपिंजऱ्याची, जास्त गोळ्यांची ‘मॅक्स’ बेअरिंग मागा. काढायला पुलर हवा, आणि बसवताना जोर फक्त बाहेरच्या कड्यावर द्यायचा. मधल्या कड्यावर हातोडी मारली की नवं बेअरिंग बसवतानाच खराब होतं. बोल्टला निळं लॉकटाइट (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद) लावा आणि मॅन्युअलमधल्या आकड्यानुसार टॉर्क पान्याने आवळा.

आणि गाड्या धुण्याच्या सेंटरवर सायकल नेऊ नका. तिथला फवारा सीलच्या आत पाणी ढकलतो. बादली, स्पंज आणि कमी दाबाची नळी पुरते.

प्रश्न: वापरलेली डबल सस्पेन्शन घेतोय. बघायला जाताना काय तपासू? (एक वाचक, नाशिक)

शॉकच्या आणि फोर्कच्या दांड्यांवर नख फिरवा. नख अडकेल असा ओरखडा असेल तर तो सील फाडत राहणार. शॉक दाबताना ‘फचफच’ आवाज आला तर डॅम्पिंगच्या तेलात हवा मिसळली आहे. शॉक दाबलेलाच राहून वर येत नसेल तर हवा आतल्या कप्प्यात अडकली आहे. तो कोणालाही घरी उघडू देऊ नका. आतल्या दाबाने डबा उडून जबर इजा होते.

फ्रेम आधी स्वतः पुसून घ्या. पिव्हटभोवती, शॉकच्या बैठकीपाशी आणि डाउन ट्यूबच्या खाली केसासारखी भेग शोधा.

मग मापं. मागे 12 × 148, पुढे 15 × 110 (अ‍ॅक्सलची जाडी आणि हबची रुंदी, मिलिमीटरमध्ये), टेपर स्टिअरर (फोर्कची खाली जाड होत जाणारी नळी), आणि शॉक 2016 नंतरच्या मेट्रिक मापाचा, म्हणजे 210 × 55 सारखा (लांबी × स्ट्रोक), असेल तर भाग मिळत राहतील. फक्त त्याच फ्रेमला बसणारा खास शॉक असेल तर सौदा कितीही चांगला वाटला तरी सोडा. तो शॉक गेला की फ्रेम भिंतीवर टांगावी लागते.

सर्व्हिस कधी झाली हे विचारा. रॉकशॉक्स ही कंपनी आपल्या फोर्कच्या खालच्या पायांची सर्व्हिस दर 50 तास चालवल्यावर करायला सांगते. ‘तीन वर्षांत एकदाही उघडायची वेळ आली नाही’ असं उत्तर आलं, तर फोर्क आणि शॉक दोन्हींच्या सर्व्हिसचा खर्च किमतीतून वजा करा. फ्रेमची वॉरंटी बहुधा पहिल्या मालकापुरतीच असते, त्यामुळे तिच्यासाठी जादा पैसे देऊ नका.

प्रश्न: तेरा वर्षांच्या मुलीला डबल सस्पेन्शन हवी आहे. वजन 38 किलो. (एक आई, ठाणे)

आत्ता नको. इतक्या कमी वजनाला मोठ्यांचा शॉक नीट दबतच नाही. हवा कमी केली तरी सीलचं घर्षण आणि डॅम्पिंग तेवढंच राहतं, आणि रिबाउंड पूर्ण उघडूनही शॉक सुस्त परततो. हलकी हार्डटेल आणि हवेचा फोर्क द्या. ब्रेकचा लिव्हर तिच्या बोटांच्या टप्प्यात आणून द्या.

प्रश्न: कॅनडातून कायमचा परत येतोय. तिथली सायकल आणू का? इलेक्ट्रिक घेण्याचाही विचार होता. (एक वाचक, व्हँकुव्हर)

साधी सायकल जरूर आणा. सोबत दोन डिरेलर हँगर, पिव्हटच्या बेअरिंगचा पूर्ण संच, शॉकची बुशं आणि हवेच्या कप्प्याचं सील किट घेऊन या. ब्रेकचं तेल कोणतं ते नोंदवून ठेवा: डॉट 5.1 मोटरसायकलच्या दुकानात मिळतं, मिनरल ऑइल सायकलच्या दुकानात शोधावं लागतं, आणि एकाच्या जागी दुसरं घातलं की ब्रेकची सीलं फुगून निकामी होतात.

इलेक्ट्रिक मात्र आणायच्या हिशेबाने घेऊ नका. 160 वॉट-अवरच्या वरची लिथियम बॅटरी प्रवासी सामानात नेता येत नाही, आणि इलेक्ट्रिक माउंटन सायकलची बॅटरी त्याच्या कितीतरी पट असते.